भावंडाबरोबर एक दिवस डोंगरात, खिसा सांभाळून

भावाबरोबर किंवा बहिणीबरोबर सकाळी निघायचं, दिवसभर डोंगरात भटकायचं आणि रात्री घरी. दोघांच्या खिशात मिळून फारसं काही नाही. हे जमतं. मी थोरली, भाऊ धाकटा, आणि आमच्या बहुतेक डोंगरवाऱ्या अशाच झाल्या आहेत. पहिल्यांदा निघणारे काटकसर करायची म्हणून बूट आणि सॅकच्या किमती बघत बसतात. खरा फटका मात्र चुकलेल्या गाडीचा बसतो. परतीची बस हुकली की भाड्याची गाडी करा नाहीतर मुक्काम शोधा, आणि वाचवलेलं सगळं एका तासात पाण्यात. म्हणून खालच्या पायऱ्या घड्याळ समोर ठेवूनच लिहिल्या आहेत.

१. आधी परतीची गाडी शोधा, डोंगर नंतर

उलटं वाटेल, पण सुरुवात इथूनच करा. दोघांसाठी वाहन भाड्याने घेणं परवडत नाही, तेव्हा सार्वजनिक वाहनानेच जायचं असं धरून चालू. घरापासून बस किंवा रेल्वेने दोन-अडीच तासांत जिथे पोहोचता येतं आणि जिथल्या थांब्यापासून पायवाटेपर्यंत चालत जाता येतं, अशा जागा कागदावर लिहा. यादी छोटी निघेल. बरंच झालं, निवडायला सोपं.

आता प्रत्येक जागेहून परतीची शेवटची गाडी कधी आहे ते पाहा. ती तुमची नाही. तुमची गाडी तिच्या आधीची, शेवटची हातची राखायची. जिथून दुपारनंतर एकच गाडी सुटते ती जागा पहिल्या खेपेला नको, कितीही सुंदर असली तरी.

हमखास फसायला होतं ते इथे:

– सुटीच्या दिवशी वेळापत्रक वेगळं असतं, आणि तुम्ही जाणार सुटीच्याच दिवशी. हंगाम संपला की काही फेऱ्या बंदही होतात. तारीख घालून बघा.
– जिथे उतरलात तिथूनच परतीची गाडी मिळेल असं नाही. डोंगराळ भागात गाडी पुढच्या गावाला वळसा घालून भलत्याच रस्त्याने परतते. उतरतानाच चालकाला विचारा आणि थांब्यावरच्या फलकाचा फोटो काढून ठेवा.
– एका बाजूने चढून दुसऱ्या बाजूने उतरायचा मोह होतो. नकाशावर तो मार्ग फार देखणा दिसतो. पण मग दोन वेगळे थांबे, दोन वेगळी वेळापत्रकं, आणि अर्ध्यात माघारी फिरलात तर सगळंच गणित कोलमडतं. नवख्यांनी गेलेल्या वाटेनेच परत यावं. वाट ओळखीची झालेली असते आणि मनात येईल तिथून मागे फिरता येतं.

त्याच बैठकीत ती जागा त्या दिवशी खुली आहे का, प्रवेशशुल्क किंवा परवानगी लागते का, हेही पाहून घ्या. संरक्षित जंगलातून जाणाऱ्या वाटा काही ठिकाणी वणव्याच्या किंवा पावसाच्या दिवसांत बंद असतात, आणि काही ठिकाणी आगाऊ नोंदणी केल्याशिवाय आत सोडत नाहीत. ज्या विभागाच्या ताब्यात ती जागा आहे त्यांच्याच संकेतस्थळावर पाहा. कुणीतरी दोन वर्षांपूर्वी लिहून ठेवलेल्या माहितीवर विसंबू नका.

२. पैशाचं बोलणं घरीच उरका

‘आपल्याआपल्यात कसला हिशेब’ असं म्हणून निघालेली भावंडं संध्याकाळी थांब्यावर तोंड फिरवून बसलेली दिसतात. एक कमावता आणि दुसरा शिकणारा असेल तर निम्मं-निम्मं करणं हाही न्याय नव्हे. सोपा मार्ग असा, की खर्चाचे विषय वाटून घ्या. थोरल्याने प्रवास उचलावा, धाकट्याने खाण्याचं बघावं. आकडे बरोबरीचे नसले तरी दोघांनीही काहीतरी भरलेलं असतं, आणि कोणी कोणाला उपकार ऐकवत नाही.

अडीअडचणीची रक्कम मात्र वेगळी काढा. किती? पायथ्यापासून जवळच्या मोठ्या स्थानकापर्यंत भाड्याची गाडी केली तर जेवढे पडतील तेवढी. ती रोख असावी, कारण फोन बंद पडला की फोनमधले पैसेही गेले. आणि ती दोघांत विभागून ठेवा. सगळी रक्कम ज्याच्या पाकिटात, त्याचंच पाकीट पडतं.

कशावर खर्च करायचा आणि कशावर नाही, याबद्दल माझं मत ठाम आहे. पहिल्या सहलीसाठी नवीन काहीही विकत घेऊ नका, अपवाद फक्त मोज्यांचा. लोकरीचे किंवा घाम बाहेर टाकणाऱ्या धाग्याचे चांगले मोजे दोघांनाही घ्या. बूट जुनेच चालतील, फक्त तळव्याची नक्षी झिजलेली नको. नवे बूट पहिल्यांदा डोंगरात घालणं म्हणजे पैसे देऊन फोड विकत घेणं. सॅक, पावसाळी कोट, काठी या गोष्टी नातेवाइकांकडे, मित्रमैत्रिणींकडे धूळ खात पडलेल्या असतात. मागायला लाजू नका.

३. अंतर किती हे विचारताना चढ किती हेही विचारा

‘आठ किलोमीटर? त्यात काय!’ हे वाक्य धाकट्यांच्या तोंडी फार असतं. सपाटीवरचे आठ किलोमीटर आणि ६०० मीटर चढाचे आठ किलोमीटर यांत काही साम्य नाही.

वेळेचा अंदाज बांधायला विल्यम नेस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकाने १८९२ मध्ये एक नियम सांगितला, आणि तो अजूनही कामाला येतो. दर ५ किलोमीटरला एक तास धरायचा, आणि वर दर ६०० मीटर चढाला आणखी एक तास. हा हिशेब धडधाकट, सराव असलेल्या माणसाचा आहे आणि त्यात विश्रांती धरलेली नाही. नवख्यांनी येणाऱ्या वेळेत निम्मी भर घालावी.

प्रत्यक्ष करून पाहू. जाऊन-येऊन ८ किलोमीटर, चढ ६०० मीटर. अंतराला सुमारे १ तास ३६ मिनिटं, चढाला १ तास, मिळून २ तास ३६ मिनिटं. निम्मी भर घातली की जवळजवळ ४ तास. जेवण, फोटो आणि दम खायला आणखी एक. झाले ५. तुमची गाडी साडेचारची असेल तर थांब्यावर चारला हजर असायला हवं, म्हणजे चालायला सुरुवात फार तर अकराला. अकरा ही शेवटची मर्यादा. प्रत्यक्षात आठला सुरुवात करा. मधे उरणारे तीन तास हा तुमचा विमा, आणि त्याचा हप्ता म्हणजे फक्त लवकर उठणं.

चढ म्हणजे शिखराची उंची नव्हे. १८०० मीटर उंचीचं शिखर असलं आणि बस तुम्हाला १४०० मीटरवर सोडत असली तर चढ ४०० चाच. उलट वाट मधे एखाद्या खिंडीत उतरून पुन्हा चढत असेल तर तो दुसरा चढही मोजावा लागतो, आणि परतताना तो पुन्हा लागतो. नकाशावर समोच्च रेषा (सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषा) जिथे एकमेकींना चिकटल्यात तिथे उभा चढ, जिथे सुट्या-सुट्या तिथे आराम. एवढं ओळखता आलं तरी पहिल्या खेपेला पुरे.

फार उंच प्रदेशात जात असाल तर आणखी एक गोष्ट. साधारण २५०० मीटरच्या वर विरळ हवेचा त्रास होऊ शकतो. हवेतलं प्राणवायूचं प्रमाण तिथेही २१ टक्केच असतं, पण दाब कमी झाल्यामुळे प्रत्येक श्वासात कमी प्राणवायू येतो. गाडीने किंवा रोपवेने तासाभरात एवढ्या उंचीवर गेलं की शरीराला जुळवून घ्यायला सवड मिळत नाही. डोकं दुखायला लागलं, मळमळलं, भलताच थकवा आला तर आणखी वर जायचं नाही. त्रास वाढला तर लगेच खाली. व्यायामाने कमावलेलं शरीर याला अपवाद नाही. पहिल्या सहलीला मी २५०० च्या खालचीच जागा निवडेन.

४. हवामान शिखराचं बघा, शहराचं नव्हे

दर १००० मीटर उंचीला तापमान सरासरी साडेसहा अंशांनी उतरतं. खाली घामाच्या धारा लागल्या असताना वर डोंगराच्या धारेवर वारा सुटला तर दात वाजतात. उन्हाचंही तसंच. उंची वाढते तशी अतिनील किरणं वाढतात, दर १००० मीटरला सुमारे १० टक्के, आणि गार वाऱ्यामुळे त्वचा भाजत असल्याचं कळतही नाही.

अंदाज आदल्या संध्याकाळी पाहा आणि निघायच्या सकाळी पुन्हा एकदा. पावसाइतकंच वाऱ्याकडे आणि विजांच्या इशाऱ्याकडे लक्ष द्या. तापलेली हवा डोंगराच्या उतारांवरून वर चढते आणि दुपारपर्यंत ढग जमतात, म्हणून विजांच्या हंगामात माथा बाराच्या आत सोडावा. लवकर निघायचं हे दुसरं कारण.

वीज चमकल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंत सेकंद मोजा आणि तीनने भागा, तितके किलोमीटर वीज लांब. ३० सेकंदांच्या आत आवाज आला तर माथा, धार, एकटं झाड सोडून खाली उतरा, आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास पुन्हा वर जाऊ नका. उघड्यावर सापडलातच तर दोघांनी एकमेकांना बिलगून उभं राहायचं नाही, अंतर ठेवायचं. घाबरलेल्या धाकट्या भावंडाला जवळ घ्यावंसं वाटतं, पण एकाच विजेचा तडाखा दोघांना बसू नये आणि एक जण दुसऱ्याच्या मदतीला उरावा, यासाठी हे आहे. घरूनच समजावून सांगा, तिथे समजावत बसायला वेळ मिळत नाही.

अंदाज वाईट असेल तर सरळ रद्द करा. परत न मिळणारं तिकीट आगाऊ काढलेलं असलं की माणूस ‘बघू तर खरं’ म्हणत निघतो. थोडे पैसे वाचतात म्हणून असं तिकीट घेऊ नका.

५. दोन माणसं, दोन सॅक

सगळं सामान एकाच मोठ्या सॅकमध्ये भरून ‘आलटून-पालटून घेऊ’ असं ठरतं. मग एक जण पुढे निघून जातो, दुसरा मागे, आणि पाणी नेमकं ज्याला हवं त्याच्याकडे नसतं. दोन छोट्या सॅक घ्या. पाणी, गरम कपडा, शिट्टी आणि थोडं खाणं ही चौकडी प्रत्येकाकडे स्वतःची असलीच पाहिजे. बाकीचं विभागून.

प्रत्येकाकडे:
– पाणी. चालण्याच्या प्रत्येक तासाला साधारण अर्धा लिटर धरा, ऊन असेल तर जास्त. एक लिटर म्हणजे एक किलो ओझं, म्हणून वाटेत भरून घेता येतं का ते आधी बघा. ओढ्याचं पाणी कितीही नितळ दिसलं तरी उकळल्याशिवाय किंवा शुद्ध केल्याशिवाय पिऊ नका.
– एक गरम थर आणि वारा-पाऊस अडवणारा एक थर. जीन्स नको. सुती कापड भिजलं की वाळत नाही आणि अंगातली ऊब ओढून घेतं.
– टोपी, जादा मोजे, शिट्टी.
– हेडटॉर्च. दिवसाची सहल आहे, टॉर्च कशाला, असं म्हणत ती घरी ठेवू नका. फोनचा उजेड वापरला तर एक हात अडकतो आणि बॅटरी जाते.

दोघांत मिळून:
– पट्ट्या, चिकटपट्टी, जंतुनाशक, नेहमीची औषधं. कोणाला दमा किंवा ॲलर्जी असेल तर त्याचं औषध त्याच्याच अंगावर, सॅकच्या तळाशी नको.
– चार्ज केलेली पॉवर बँक, आणि तिची केबल. केबल मुद्दाम वेगळी लिहिली.
– कागदी नकाशा किंवा निदान नकाशाची छापील प्रत.
– ऊन लागू नये म्हणून मलम, थोडी दोरी, कचऱ्यासाठी पिशवी, आणि सामान कोरडं ठेवायला सॅकच्या आत एक मोठी प्लास्टिकची पिशवी. सॅकवर घालायची आवरणं वाऱ्याने उडतात, आतली पिशवी कुठे जात नाही.

कागदपत्रं:
– दोघांची ओळखपत्रं. विद्यार्थी असल्यास विद्यार्थी ओळखपत्रही, प्रवासात किंवा प्रवेशशुल्कात सवलत मिळते का ते विचारून पाहा.
– परवानगी किंवा नोंदणीची छापील प्रत. प्रवेशापाशी नेटवर्क नसतं, हे गृहीत धरा.
– एका चिठ्ठीवर रक्तगट, ॲलर्जी आणि घरचे दोन फोन क्रमांक. आपल्याला हल्ली कोणाचेच क्रमांक पाठ नसतात.
– भावंड अल्पवयीन असेल तर आई-वडिलांचं संमतीपत्र. बहुतेक ठिकाणी कोणी मागत नाही, पण कोणी हटकलंच तर बोलणं तिथेच संपतं.

खाणं घरून न्या, हे सांगायला नको. वर आणि पायथ्याला मिळतं ते महाग असतं, आणि मिळेलच याची खात्री नसते. चालताना चघळता येईल असं सुकं खाणं खिशात, जेवण डब्यात. त्याखेरीज एक छोटी पुडी अशी ठेवा जी परतीच्या गाडीत बसेपर्यंत उघडायची नाही.

६. आदल्या रात्रीची अर्ध्या तासाची कामं

त्या भागाचा नकाशा फोनमध्ये उतरवून घ्या आणि नेटवर्क बंद करून तो उघडतो का ते घरीच तपासा. उपग्रहाकडून येणारे संकेत फोन नुसते ऐकत असतो, त्यासाठी नेटवर्क लागत नाही. म्हणून डोंगरात फोन एअरप्लेन मोडवर ठेवला तरी तुम्ही कुठे आहात ते नकाशावर दिसतं, आणि नेटवर्क शोधण्यात बॅटरी उडून जात नाही. हे दोघांच्या फोनवर करा. एक फोन वापरायचा, दुसरा बंद करून आतल्या खिशात. थंडीत बॅटरी झपाट्याने उतरते, अंगाच्या उबेने टिकते.

घरी मागे राहणाऱ्या एकाला संदेश पाठवा. कुठे जाणार, कोणत्या वाटेने, कोणत्या गाडीने परतणार, आणि अमुक वाजेपर्यंत कळवलं नाही तर कोणाला फोन करायचा. हे ‘अमुक वाजेपर्यंत’ नेमकं लिहा. ‘रात्रीपर्यंत येऊ’ यातून काहीच कळत नाही, घरचे फक्त जागत बसतात.

पायाची नखं कापा. उतारावर बोटं बुटाच्या टोकाला आपटतात, आणि वाढलेलं नख असेल तर काळंनिळं होतं.

राहिलं एकच, माघारीची वेळ ठरवणं. वरच्या उदाहरणात अकराला निघालात तर अडीचला जिथे असाल तिथून परत फिरायचं. शिखर दिसत असलं तरी, दहा मिनिटांवर असलं तरी. ही वेळ दोघांनी मिळून ठरवा आणि दोघांच्या फोनवर गजर लावा. वर पोहोचल्यावर थोरल्याचा शब्द शेवटचा की धाकट्याचा, हा वाद तिथे उपस्थित होत नाही, कारण फिरा म्हणून गजरच सांगतो.

७. चढताना

पुढे चालायचं ते सावकाश चालणाऱ्याने. भावंडांत हे सगळ्यात जड जातं, कारण जोरात चालणारा भाऊ किंवा बहीण मागे राहायला तयार नसते. पण उलट केलं तर काय होतं बघा. पुढचा थांबतो, मागचा धापा टाकत येऊन पोहोचतो, तेवढ्यात पुढच्याची विश्रांती झालेली असते आणि तो निघतो. मागच्याला दम खायलाच मिळत नाही. दिवसभर हेच.

वेग असा ठेवा की पूर्ण वाक्य बोलता आलं पाहिजे. बोलताना मधेच श्वास घ्यावा लागत असेल तर जोर जास्त होतोय. घाम फुटायच्या आधी एक थर काढा, थांबल्याबरोबर परत घाला.

थकलेलं भावंड ‘थकलो’ म्हणत नाही, विशेषतः धाकटं असेल तर. माझ्या भावाची खूण मला आता पाठ आहे. तो लेस बांधायला लागतो. पहिल्यांदा खरोखर सुटलेली असते. मग दहा मिनिटांनी पुन्हा खाली बसतो, गाठ सोडतो, बुटाची जीभ सरळ करतो, एकेक कडी सावकाश ओढत येतो आणि वर न बघता विचारतो, “ताई, अजून किती?” तेव्हा किती ते सांगायचं नाही, सॅक खाली ठेवायची आणि खाणं काढायचं. तुमच्या भावंडाची खूण वेगळी असेल. कोणी गप्प होतं, कोणी उगाच भांडण उकरून काढतं. चढावर अचानक जुनी भांडणं निघाली तर आधी पाणी आणि साखर पोटात जाऊ द्या, कोण बरोबर ते घरी ठरवा.

दोन गोष्टींत सवलत नाही. जिथे वाटेला फाटा फुटतो तिथे पुढच्याने थांबायचं, दुसरा डोळ्यांना दिसेपर्यंत. आणि फाट्यावर मागे वळून एक फोटो काढायचा, कारण परतताना तीच जागा उलट्या बाजूने अगदी अनोळखी दिसते.

टाचेला किंवा बोटाला नुसतं गरम लागायला लागलं की तिथल्या तिथे बूट काढा आणि चिकटपट्टी लावा. फोड यायच्या आधीची ती सूचना असते. ‘पुढच्या थांब्यावर बघू’ म्हणालात तर पुढच्या थांब्यावर फोड बघाल.

८. उतरताना

वर पोहोचलं की काम झालं असं वाटतं आणि तिथूनच घसरणं सुरू होतं. पाय थकलेले, लक्ष गाडीकडे. निघण्याआधी लेस घोट्यापाशी घट्ट करा, म्हणजे पाय बुटात पुढे सरकत नाही. पावलं लहान टाका, गुडघे किंचित वाकलेले. घसाऱ्यावर मागे रेलून चालू नका, वजन पावलावर असू द्या. एकापाठोपाठ उतरताना दगड सुटतात, म्हणून सरळ वर-खाली न चालता थोडं तिरकं अंतर ठेवा, आणि दगड सुटलाच तर ओरडून सांगा.

वळणं टाळून सरळ खाली जाणारी आडवाट दिसेल. ती बहुधा पाण्याची घळ असते, आणि खाली कड्यावर जाऊन संपते.

उजेड किती उरला याचा अंदाज हवा असेल तर हात लांब करून सूर्य आणि क्षितिज यांच्यामध्ये आडवी बोटं मोजा. एका बोटाला साधारण पंधरा मिनिटं. हा अंदाज ढोबळ आहे, आणि दरीत उतरल्यावर सूर्य डोंगराआड त्याआधीच जातो.

९. काही बिघडलंच तर

वाट चुकल्यासारखं वाटलं तर उभे राहा. पुढे जाऊन वाट सापडेल या आशेवर खाली-खाली जाऊ नका. जिथे नक्की वाटेवर होतात त्या जागी परत या. दोघांनी दोन दिशांना वाट शोधायला जायचं नाही, एका हरवलेल्याचे दोन होतात.

मदतीसाठीची खूण बऱ्याच देशांत ओळखतात: मिनिटभरात सहा शिट्ट्या, मग एक मिनिट थांबून पुन्हा सहा. उत्तर म्हणून मिनिटाला तीन शिट्ट्या येतात. उत्तर मिळालं तरी वाजवत राहा, शोधणाऱ्यांना आवाजाच्या मागावर यायचं असतं. अंधारात हेच टॉर्चने करता येतं. ११२ हा क्रमांक बऱ्याच देशांत चालतो, आणि तुमच्या कंपनीचं नेटवर्क नसलं तरी दुसऱ्या कुठल्या कंपनीचं मिळालं तर तो लागू शकतो. स्थानिक बचाव पथकाचा क्रमांक वेगळा असेल तर तो निघतानाच चिठ्ठीवर लिहा. आवाज तुटत असेल तर संदेश पाठवा, फोन लागत नाही तिथेही कधीकधी संदेश निघून जातो.

पाय मुरगळला आणि चालतच खाली यायचं असेल तर बूट काढू नका. सूज आली की परत चढणार नाही. लेस थोडी सैल करा, सॅक दुसऱ्याने घ्यावी, काठी द्यावी.

थंडीने गारठलेल्या माणसाची लक्षणं दुसऱ्यानेच ओळखायची असतात, कारण त्याला स्वतःला कळत नाही. तो अडखळतो, बरळतो, हातातल्या वस्तू पाडतो, ‘मी ठीक आहे’ म्हणत राहतो. शरीराचं तापमान ३५ अंशांच्या खाली गेलं की हे सुरू होतं. आधी थरथर असते. ती ऊब न मिळताच थांबली तर ते जास्त गंभीर. ओले कपडे काढून कोरडे घाला, वाऱ्यापासून आडोसा घ्या, खाली सॅक टाकून त्यावर बसवा आणि मदत मागवा.

दोघांच्या सहलीतला सगळ्यात अवघड प्रश्न मात्र निराळा आहे. एकाला चालताच येत नाही आणि फोन लागत नाही, तर दुसऱ्याने जायचं की थांबायचं? आधी शिट्ट्या वाजवा, लोकांची वर्दळ असलेली वाट निवडली असेल तर कोणीतरी येतंच. (पहिल्या सहलीला निर्जन वाट नको, ती याचसाठी.) कोणीच आलं नाही तर जखमीला कोरड्या, आडोशाच्या जागी बसवा, सगळे गरम कपडे, पाणी, शिट्टी आणि टॉर्च त्याच्यापाशी ठेवा. ती जागा नकाशावर नोंदवा आणि अक्षांश-रेखांश, वेळ, काय लागलंय ते कागदावर लिहून घ्या. मग आलेल्या वाटेनेच, धावाधाव न करता, नेटवर्क किंवा माणूस मिळेपर्यंत जा. लहान मुलाला असं एकटं सोडायचं नाही. म्हणून भावंड लहान असेल तर पायथ्यापासून सगळीकडे नेटवर्क मिळतं अशीच जागा निवडा, किंवा तिसऱ्या मोठ्या माणसाला सोबत घ्या.

१०. परतीच्या गाडीत

जागा मिळाली की आधी घरी संदेश. राखून ठेवलेली पुडी आता उघडा. पाठोपाठ हिशेब. झोप लागायच्या आत, तिकिटं हातात असतानाच. कोणाचे किती गेले ते मांडा, अडचणीची रक्कम परत वाटून घ्या, फरक असेल तर तिथेच मिटवा. दुसऱ्या दिवशी कोणाला काही आठवत नाही, आणि आठवलं तरी दोघांचे आकडे जुळत नाहीत.

घरी गेल्यावर दोघांच्याही बुटांचे आतले तळवे काढून ठेवा, आत वर्तमानपत्राचे बोळे कोंबा आणि ते भिजले की बदला. हीटरपाशी किंवा कडक उन्हात बूट वाळवू नका, तळव्याचा गोंद सुटतो. उसनी आणलेली सॅक झाडून, कप्पे रिकामे करून दोन दिवसांत परत करा, म्हणजे पुढच्या वेळीही मिळेल.